डोंगरातलं प्रक्षेपण केंद्र: शिचांगहून रॉकेट कसं उडतं आणि त्याचे तुकडे कुठे पडतात

1991-92च्या सुमारास आपल्याकडे गच्च्यांवर मोठाल्या डिश दिसू लागल्या आणि गल्लोगल्लीच्या केबलवाल्याला एकाएकी भाव आला. स्टार टीव्हीची चॅनल्स आली, ऑक्टोबर 1992 मध्ये झी टीव्ही सुरू झाला. हे सगळं ज्या उपग्रहावरून घरात उतरत होतं त्याचं नाव एशियासॅट-1. हा उपग्रह 7 एप्रिल 1990 रोजी चीनच्या सिचुआन प्रांतातल्या एका डोंगराळ खोऱ्यातून वर गेला. त्या केंद्राचं नाव शिचांग.

त्या उपग्रहाची कथाही ऐकण्यासारखी आहे. फेब्रुवारी 1984 मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर यानाने तो वेस्टार-6 या नावाने सोडला होता. त्याची मोटर दगा देऊन गेली आणि तो भलत्याच कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानातल्या अंतराळवीरांनी तो पकडून पृथ्वीवर परत आणला. डागडुजी झाली, हाँगकाँगच्या कंपनीने तो विकत घेतला आणि तोच उपग्रह दुसऱ्यांदा अवकाशात गेला, या वेळी चिनी लाँग मार्च-3 रॉकेटवरून. चीनने पैसे घेऊन सोडलेला हा पहिला परदेशी उपग्रह.

आता नकाशा काढून शिचांग शोधा. सगळ्यात जवळचा समुद्रसुद्धा तिथून शेकडो किलोमीटर लांब. रॉकेटचे रिकामे टप्पे, म्हणजे इंधन संपल्यावर सुटणारे त्याचे भाग, खाली पडणारच असतात, ते पाण्यात पडावेत म्हणून अमेरिकेने फ्लोरिडाचा किनारा निवडला, भारताने श्रीहरिकोटा. मग चीनने डोंगर का निवडले? याचं उत्तर अवकाशशास्त्रात शोधून सापडणार नाही, ते 1960च्या दशकातल्या भीतीत आहे. आणि त्या एका निर्णयाने पुढच्या जवळपास सगळ्या गोष्टी ठरल्या: रॉकेटची जाडी किती असेल, इंधन कसं पोहोचेल, रिकामे टप्पे कोणाच्या शेतात पडतील.

युद्धाच्या भीतीने निवडलेली जागा

1960च्या दशकात चीनला दोन्ही बाजूंनी धोका वाटत होता. समुद्राच्या बाजूला अमेरिका आणि तैवान, उत्तरेला सोव्हिएत संघ. 1969 मध्ये तर सोव्हिएत सीमेवर प्रत्यक्ष चकमकी झाल्या. माओच्या सरकारने महत्त्वाचे कारखाने आणि लष्करी ठिकाणं देशाच्या पोटात, डोंगराळ भागात हलवायला घेतली होती. या मोहिमेला 'तिसरी फळी' म्हणत. सूत्र साधं होतं: डोंगराजवळ बांधा, विखरून बांधा, लपवून बांधा.

तेव्हा चीनकडे गोबीच्या वाळवंटात 1958 मध्ये उभं राहिलेलं जिउछुआन केंद्र होतं. पण ते उत्तरेला, सोव्हिएत प्रभावाखालच्या मंगोलियाच्या सीमेपासून फार लांब नाही. आणखी आत, आणखी दक्षिणेला एक ठिकाण हवं होतं. 1970 मध्ये शिचांगची निवड झाली. हा लिआंगशान भाग, यी समाजाची मोठी वस्ती असलेला. शहर समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर, आणि प्रक्षेपण केंद्र तिथून साठेक किलोमीटर वायव्येला, मिआननिंग तालुक्यातल्या एका अरुंद खोऱ्यात, सुमारे 1,800 मीटर उंचीवर. याच मिआननिंगमधून मे 1935 मध्ये माओची लाल सेना तिची प्रसिद्ध लांब कूच, म्हणजे लाँग मार्च, करत गेली होती आणि सेनानी लिऊ बोचेंगने तिथल्या यी सरदाराशी बंधुत्वाची शपथ घेतली होती. लाँग मार्च नावाची रॉकेटं पुढे याच तालुक्यातून उडावीत हा निव्वळ योगायोग.

मूळ हेतू माणूस पाठवण्याचा होता. शुग्वांग नावाचा मानवी अवकाशयानाचा कार्यक्रम आखला गेला, वायुदलातून 19 वैमानिक निवडले गेले. पण सांस्कृतिक क्रांतीचा काळ, त्यात 1971 मध्ये माओचा वारसदार मानल्या गेलेल्या लिन बिआओचं प्रकरण झालं, पैशांची चणचण होतीच. कार्यक्रम गुंडाळला गेला. शिचांगचा पहिला प्रक्षेपणतळ पुरा झालाच नाही. म्हणून तिथे आज मोजायला सुरुवात होते ती दोन क्रमांकाच्या तळापासून. माणसं अखेर 2003 पासून उडाली, पण ती जिउछुआनहून.

मग या खोऱ्याला काम मिळालं ते दूरसंचार उपग्रहांचं, आणि इथे नशिबाने साथ दिली. लपण्यासाठी निवडलेली ही जागा भूस्थिर उपग्रहांसाठी चीनकडे असलेल्या जागांमध्ये सगळ्यात चांगली निघाली.

दक्षिणेला असण्याचा फायदा नेमका कसा

टीव्हीचा किंवा हवामानाचा उपग्रह आकाशात एकाच जागी दिसावा लागतो, नाहीतर गच्चीवरची डिश दिवसभर फिरवत बसावं लागेल. त्यासाठी तो विषुववृत्ताच्या बरोबर वर, सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या वेगानेच फिरायला हवा. हीच भूस्थिर कक्षा.

तिथे पोहोचण्यासाठी प्रक्षेपणाची जागा विषुववृत्ताच्या जितकी जवळ तितकं बरं, आणि याची कारणं दोन. पहिलं सगळ्यांना माहीत असतं. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पूर्वेकडे सोडलेल्या रॉकेटला तो वेग फुकट मिळतो. विषुववृत्तावर हा वेग सेकंदाला 465 मीटर असतो. शिचांग 28 अंश उत्तरेला आहे, तिथे तो सुमारे 410 भरतो. जिउछुआन 41 अंशांवर, तिथे 350च्या आसपास. फरक आहे, पण डोळे दिपवणारा नाही.

दुसरं कारण जास्त वजनदार आहे आणि बहुतेक लेखांत ते सुटून जातं. रॉकेट ज्या अक्षांशावरून उडतं, निदान तितक्या अंशांनी त्याची कक्षा विषुववृत्ताशी तिरकी असते. शिचांगहून थेट पूर्वेकडे गेलं तर कक्षा 28 अंश तिरकी, जिउछुआनहून 41 अंश. भूस्थिर कक्षेला तिरकेपणा शून्य हवा. म्हणजे हे सगळे अंश वर गेल्यावर मोडावे लागतात, आणि ते काम उपग्रहाला स्वतःच्या पोटातलं इंधन जाळून करावं लागतं. लांबट कक्षेतून गोल, सरळ भूस्थिर कक्षेत शिरण्यासाठी 28 अंशांवरून निघालेल्या उपग्रहाला सेकंदाला सुमारे 1.8 किलोमीटरचा जादा वेग कमवावा लागतो. 41 अंशांवरून निघालेल्याला सुमारे 2.1. इथे वाचलेलं इंधन म्हणजे उपग्रहाचं वाढलेलं आयुष्य, कारण उरलेल्या इंधनावरच तो पुढची दहा-पंधरा वर्षं आपली जागा धरून बसतो.

उंचीचाही थोडा हातभार लागतो. 1,800 मीटरवर हवा विरळ, म्हणजे सुरुवातीचा रोध जरा कमी. हवामान मात्र आठ महिने मित्र आणि चार महिने परका. ऑक्टोबर ते मे आकाश इतकं स्वच्छ असतं की शिचांगला तिकडे चंद्रनगरी म्हणतात. जून ते सप्टेंबर पाऊस. रॉकेटला पावसाचं फारसं काही वाटत नाही, खरी भीती विजेची, कारण धुराचा लांबलचक पट्टा मागे सोडत वर जाणारं रॉकेट स्वतःच वीज ओढून घेऊ शकतं. पावसाळ्यातही तिथून उड्डाणं होतात, पण ढगांमधल्या फटी हेरून.

सगळं येतं रेल्वेने

समुद्र नाही म्हणजे जहाज नाही. रॉकेटचे टप्पे कारखान्यातून शिचांगला येतात ते आगगाडीने. छंग्दू ते कुनमिंग हा रेल्वेमार्ग 1970 मध्येच सुरू झाला. सुमारे 1,100 किलोमीटरच्या या मार्गावर 427 बोगदे आणि 991 पूल आहेत. आपल्या कोकण रेल्वेचे 91 बोगदे आठवले तर तिथल्या डोंगरांचा अंदाज येईल. हा मार्ग झाला नसता तर शिचांग केंद्र कागदावरच राहिलं असतं.

पण बोगदा फुकट काही देत नाही. त्यातून जाईल तेवढंच जाड रॉकेट बनवता येतं. म्हणून लाँग मार्च-2, 3 आणि 4 या जुन्या रॉकेटांचा मुख्य भाग 3.35 मीटर व्यासाचा आहे, एक इंचही जास्त नाही. जास्त ताकद हवी असेल तर जाडी वाढवता येत नाही. उंची वाढवायची किंवा बाजूला बूस्टर, म्हणजे जादा जोर देणारी छोटी रॉकेटं, बांधायची. लाँग मार्च-3बी हे शिचांगचं रोजच्या कामाचं रॉकेट नेमकं असंच घडलं आहे: तीन टप्पे, बाजूला चार बूस्टर, उंची 55 मीटरच्या आसपास, वजन सव्वाचारशे ते साडेचारशे टन. भूस्थिर कक्षेच्या वाटेवर ते साधारण पाच ते साडेपाच टनांचा उपग्रह सोडतं. कोणी मोकळ्या हाताने रॉकेट आखायला बसलं असतं तर बहुधा ते असं बारीक आणि लांबोडकं झालं नसतं.

उपग्रह मात्र नाजूक आणि महाग, त्याला रेल्वेचे हादरे नकोत. तो शिचांगच्या विमानतळावर मालवाहू विमानाने उतरतो आणि पुढचा रस्ता हळूहळू पार करतो. 1990च्या दशकात अमेरिकी उपग्रह यायचे तेव्हा त्यांच्यासोबत अमेरिकी पहारेकरीही यायचे, चिनी अभियंत्यांनी खोक्यात डोकावू नये म्हणून.

तळावर काय चालतं

गाडी आली की रॉकेटचे टप्पे आधी तंत्रकेंद्राच्या लांबच लांब शेडमध्ये आडवेच ठेवून तपासले जातात. वायर, झडपा, दिशा सांगणारे गायरो, सगळं. मग एकेक टप्पा ट्रेलरवरून तळावर नेतात आणि तिथल्या मनोऱ्याच्या क्रेनने उचलून एकावर एक बसवतात. म्हणजे रॉकेट उभं राहतं ते थेट प्रक्षेपणाच्या जागीच. दोन क्रमांकाच्या तळावरचा सेवामनोरा सुमारे 90 मीटर उंच आणि रुळांवर चालणारा आहे. रॉकेटला चारी बाजूंनी कवेत घेऊन उभा असतो. मजल्यामजल्यावर फळ्या, त्यावर माणसं. सगळं झालं की हा अख्खा मनोरा मागे सरकतो आणि रॉकेट पहिल्यांदा उघडं दिसतं.

हा तळ बांधला कसा तेही सांगायला हवं. 1980च्या दशकाच्या शेवटी चीनने ऑस्ट्रेलियाचे उपग्रह सोडण्याचं कंत्राट घेतलं तेव्हा त्यासाठी लागणारं लाँग मार्च-2ई हे रॉकेट अस्तित्वातच नव्हतं आणि ते उडवायला तळही नव्हता. तळ 14 महिन्यांत उभा केला. जुलै 1990 मध्ये पहिलं उड्डाण झालं, त्यात पाकिस्तानचा पहिला उपग्रह बद्र-1 होता.

इंधन भरणं हा सगळ्यात धोक्याचा भाग. लाँग मार्च-3बीच्या खालच्या दोन टप्प्यांत आणि बूस्टरमध्ये हायड्रॅझिन कुळातलं यूडीएमएच हे इंधन असतं आणि ते जाळायला नायट्रोजन टेट्रॉक्साइड. हे दोघे एकमेकांना भिडताच पेट घेतात. ठिणगी लागत नाही. साध्या तापमानाला टाकीत भरून ठेवता येतात. क्षेपणास्त्रासाठी हे सोयीचंच, आणि ही रॉकेटं दोंगफेंग-5 या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राच्याच वंशातली. दोष एवढाच की दोन्ही द्रवं जहाल विषारी आहेत. श्वासावाटे गेलं तर फुप्फुसं जळतात, यूडीएमएचमुळे कर्करोगाचा धोका मानला जातो. भरणारी माणसं डोक्यापासून पायापर्यंत बंद पोशाखात, श्वासाची नळी वेगळी. नायट्रोजन टेट्रॉक्साइड गळलं की तांबूस-तपकिरी धूर उठतो. हा रंग लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपलं विकास इंजिनही याच कुळातलं इंधन पितं. पीएसएलव्हीचा दुसरा टप्पा आणि जीएसएलव्हीचे बूस्टर त्यावरच चालतात. फरक इंधनाचा नाही, जागेचा आहे: श्रीहरिकोट्याहून ते टप्पे समुद्रात जातात.

तिसरा टप्पा वेगळ्याच दुनियेतला. त्यात द्रव हायड्रोजन, उणे 253 अंश सेल्सियसला, आणि द्रव ऑक्सिजन, उणे 183 अंशांना. हे आदल्या दिवशी भरून ठेवता येत नाही, उकळून उडून जातं. म्हणून प्रक्षेपणाच्या काही तास आधी भरायला घेतात आणि शेवटपर्यंत वरून थोडं थोडं घालत राहतात. त्या पांढऱ्या वाफा रॉकेटच्या अंगावरून उतरताना दिसतात त्या या टप्प्याच्या. हे इंजिन चीनने 1984 मध्येच उडवलं. 29 जानेवारीच्या पहिल्या प्रयत्नात तिसरा टप्पा दुसऱ्यांदा नीट पेटला नाही, 8 एप्रिलला जमलं आणि चीनचा पहिला भूस्थिर दूरसंचार उपग्रह वर गेला. भारताला अशा अतिथंड इंधनावरच्या, म्हणजे क्रायोजेनिक, स्वतःच्या इंजिनाचं यश जानेवारी 2014 मध्ये मिळालं.

तिसरा टप्पा दोनदा का पेटवायचा? पहिल्यांदा पेटून तो पृथ्वीभोवतीच्या खालच्या कक्षेत येतो आणि इंजिन बंद होतं. मग तो नुसता वाहत पूर्वेकडे जातो, विषुववृत्त ओलांडेपर्यंत. तिथे पुन्हा पेटतो, म्हणजे लांबट कक्षेचं दूरचं टोक बरोबर विषुववृत्तावर, भूस्थिर उंचीला येतं. हे घडतं प्रशांत महासागराच्या वर, चीनच्या जमिनीवरच्या रडारच्या नजरेपलीकडे. म्हणून युआनवांग नावाची जहाजं आधीच समुद्रात जाऊन उभी असतात, त्या काही मिनिटांसाठी. डोंगरातल्या केंद्राला शेवटी समुद्र लागतोच. उड्डाणापासून साधारण पंचवीस मिनिटांत उपग्रह सुटा होतो.

15 फेब्रुवारी 1996

लाँग मार्च-3बीचं ते पहिलंच उड्डाण. वर इंटेलसॅट-708, अमेरिकी बनावटीचा. पहाटेचे तीन वाजून गेले होते. रॉकेट तळावरून उठलं आणि दोनेक सेकंदांतच कलू लागलं. वर जायचं ते आडवं गेलं, दरीवरून तिरकं झेपावलं आणि 22 सेकंदांनी जवळच्या डोंगरउतारावर नाक खुपसून आदळलं. सगळ्या टाक्या भरलेल्या. स्फोटाने केंद्राच्या फाटकाजवळच्या इमारती आणि वस्ती उद्ध्वस्त झाली. सरकारी आकडा सहा मृत आणि 57 जखमी. परदेशी तंत्रज्ञांना काही तास बाहेर जाऊ दिलं गेलं नाही, आणि नंतर बसमधून त्यांनी जी पडझड पाहिली त्यावरून अनेकांना हा आकडा खोटा वाटला. तो वाद मिटलेला नाही.

कारण फार बारीक होतं. रॉकेटला 'वर कुठे आहे' हे सांगणाऱ्या गायरोच्या यंत्रणेतल्या एका विद्युतभागातला सोने-ॲल्युमिनियमचा जोड सुटला. यंत्रणा चुकीची दिशा सांगू लागली आणि संगणक इमानेइतबारे रॉकेटला चुकीच्या बाजूला वळवत गेला.

त्याआधीच्या वर्षी, जानेवारी 1995 मध्ये, लाँग मार्च-2ई उड्डाणानंतर मिनिटाभरात फुटलं होतं आणि तुकडे पडून खाली सहा जण दगावले होते. साधारण वर्षभराच्या अंतराने दोन जीवघेणे अपघात, दोन्ही या एकाच केंद्रावर. आपल्या उपग्रहाच्या अपघाताचा तपास करताना अमेरिकी कंपन्यांनी चिनी अभियंत्यांना क्षेपणास्त्रालाही उपयोगी पडेल अशी माहिती दिली, असा आरोप अमेरिकेत झाला. 1999 पासून अमेरिकेने उपग्रहांना शस्त्रांच्या निर्यात-नियमांत टाकलं. इंटेलसॅट-708 बनवणाऱ्या लोराल कंपनीने 2002 मध्ये 1.4 कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. अमेरिकी सुटे भाग असलेले उपग्रह चिनी रॉकेटवर बसणं जवळपास थांबलं आणि शिचांगचा भरात आलेला परदेशी धंदा आटला. पुढे गिऱ्हाईक आली ती नायजेरिया, व्हेनेझुएला, पाकिस्तान, बोलिव्हिया, लाओस अशी. बहुतेकांना उपग्रहही चिनी, रॉकेटही चिनी आणि कर्जही चिनी.

तंत्राच्या बाजूने मात्र चीनने धडा घेतला, हे मानायला हवं. ऑगस्ट 1997 मध्ये लाँग मार्च-3बी फिलिपिन्सचा उपग्रह घेऊन व्यवस्थित उडालं आणि पुढे चीनचं एक भरवशाचं रॉकेट झालं. चंद्रावरच्या मोहिमाही इथूनच सुरू झाल्या: चांग-ए-1 ऑक्टोबर 2007 मध्ये, मग 2, 3, आणि डिसेंबर 2018 मध्ये चांग-ए-4, जे चंद्राच्या पलीकडच्या बाजूला उतरलेलं पहिलं यान ठरलं. चांग-ए-1च्या वेळी तर पाहायला येणाऱ्यांना 800 युआनचं तिकीट लावलं होतं. त्याच वर्षी जानेवारीत याच परिसरातून सुटलेल्या क्षेपणास्त्राने चीनने आपलाच एक जुना हवामान उपग्रह फोडला होता आणि तीन हजारांहून जास्त तुकडे कक्षेत पसरवले होते. त्याला तिकीट नव्हतं.

सगळ्यात मोठं काम बेइदोउचं. जीपीएसला चीनचा पर्याय. 2000 पासून 2020 पर्यंत त्याचे सगळे उपग्रह शिचांगहूनच गेले. शेवटच्या पिढीचे 30 उपग्रह नोव्हेंबर 2017 ते जून 2020 या काळात 18 उड्डाणांत वर गेले, पुष्कळदा एका रॉकेटवर दोन दोन. आज भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक स्मार्टफोनना बेइदोउचे संकेत ऐकू येतात. उपग्रह दाखवणारं एखादं ॲप उघडा, यादीत ते दिसतील.

टप्पे पडतात कुठे

ही सगळी उड्डाणं पूर्वेकडे जातात, आणि शिचांगच्या पूर्वेला ग्वेझोऊ, ग्वांग्शी, हूनान. माणसांनी भरलेले प्रांत. दोन-सव्वादोन मिनिटांत चारही बूस्टर सुटतात, पाठोपाठ पहिला टप्पा. काही शे किलोमीटरवर ते जमिनीवर येतात, आणि टाकीत तळाला थोडं इंधन उरलेलं असतंच.

जिथे पडण्याची शक्यता आहे त्या गावांना आधी सूचना मिळते. ठरलेल्या वेळी घराबाहेर मोकळ्या जागी थांबा, आकाशाकडे लक्ष ठेवा, पडलेल्या भागाजवळ जाऊ नका, विषारी वायू असतो. उड्डाणाचा मार्ग शक्यतो दाट वस्ती टाळून आखतात, आणि नुकसान झालं तर भरपाई देतात. बहुतेक वेळा तुकडे रानात जातात. बहुतेक वेळा. जानेवारी 2018 मध्ये ग्वांग्शीत एक बूस्टर वस्तीजवळ पडून पेटला. नोव्हेंबर 2019 मध्ये बेइदोउच्या उड्डाणानंतर एका घराचा चुराडा झाला. पडक्या भिंती, शेजारी वाकलेला बूस्टर आणि वर तो तांबूस-तपकिरी धूर, अशी चित्रं जगभर फिरली. 22 जून 2024 रोजी चीन-फ्रान्सचा एसव्हॉम हा खगोल उपग्रह सोडला तेव्हा ग्वेझोऊमधल्या एका गावावर धुराची शेपूट सोडत रॉकेटचा पहिला टप्पा उतरला, कानावर हात ठेवून पळणारी मुलं चित्रफितीत दिसतात.

मला विचाराल तर 'नियोजित क्षेत्रात पडला' हे सरकारी वाक्य खरं असूनही पुरेसं नाही. नियोजन कोणाच्या घरावरचं आहे हेही सांगावं लागेल.

उपाय शोधणं चालू आहे. जुलै 2019 मध्ये शिचांगहून उडालेल्या लाँग मार्च-2सीच्या पहिल्या टप्प्याला जाळीदार पंख लावले होते, पडताना त्याला दिशा देण्यासाठी. पडण्याचं क्षेत्र बरंच आक्रसलं. बूस्टरना पॅराशूट लावून वळवण्याचेही प्रयोग झाले. पण यातून टप्पा कुठे पडेल एवढंच ठरतं. त्यात काय भरलेलं आहे हे बदलत नाही.

मग समुद्रावर का गेले नाहीत?

गेले. हैनान बेटावर वेनछांगला नवं केंद्र बांधलं, 2016 मध्ये तिथून पहिलं रॉकेट उडालं. 19 अंशांवर, म्हणजे साधारण मुंबईच्याच अक्षांशावर. तिथे रॉकेट जहाजाने येतं, बोगद्याचं बंधन संपलं, म्हणून पाच मीटर जाडीचं लाँग मार्च-5 शक्य झालं. चंद्राची माती आणणारं चांग-ए-5 त्यावरून गेलं. नव्या रॉकेटांत केरोसीन, हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन, विषारी काही नाही, आणि टप्पे पाण्यात पडतात. गंमत म्हणजे या वेनछांगचा कारभार पाहतं शिचांग केंद्रच.

तरी शिचांग बंद झालं नाही, आणि इतक्यात होणारही नाही. एक म्हणजे चीनची उड्डाणं आता वर्षाला साठाच्या पुढे गेली आहेत, एक-दोन तळांवर ती मावत नाहीत. दुसरं, लाँग मार्च-3बी स्वस्त, परखलेलं आणि कारखान्यात सतत तयार होणारं रॉकेट आहे. त्याची जागा घेऊ शकणारं लाँग मार्च-7ए वेनछांगहून उडतं, पण सगळा भार त्याच्यावर टाकायला वेळ लागेल. तिसरं, लष्करी उपग्रहांच्या बाबतीत डोंगराआडची जागा चिनी लष्कराला आजही नकोशी नाही. मे 2025 मध्ये लघुग्रहाचे नमुने आणायला निघालेलं थ्येनवेन-2 शिचांगहूनच उडालं, लाँग मार्च-3बीवरून, तेच 3.35 मीटर जाडीचं आणि खालच्या टप्प्यांत तेच जुनं इंधन असलेलं. पूर्वेकडच्या गावांना मिळणाऱ्या सूचना थांबायच्या असतील तर हे रॉकेट निवृत्त व्हावं लागेल, आणि त्याची तारीख चीनने अजून जाहीर केलेली नाही.